सूचना मागवल्या आहेत, यायचं हं!

तुम्हाला कायदा करण्याच्या कामात भाग घ्यायचाय? फार चांगला विचार आहे. राज्याला तुमची गरज आहे. 'या विधेयकावर जनतेकडून इतक्या हजार सूचना प्राप्त झाल्या' हे वाक्य मंत्र्यांना सभागृहात ठणकावून म्हणता यावं, तर त्या इतक्या हजारांत कोणीतरी असावंच लागतं. या खेपेला मी होतो. पुढच्या खेपेला तुम्ही असाल, म्हणून हे अनुभवाचे चार बोल.

कोणतं विधेयक, कोणती समिती, कोणतं सभागृह ते मात्र विचारू नका. कोणी हक्कभंग आणला तर माझ्यासाठी सभात्याग करणारं कोणी नाही.

सगळ्यात आधी जाहिरात सापडली पाहिजे. पहिल्या पानावर शोधू नका, तिथे योजनेची असते, फोटोसकट. सूचना मागवणारी असते आत, 'मी माझ्या नावात बदल केला आहे' आणि 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' यांच्या बेचक्यात. बँकेच्या कर्ज विभागात 31 वर्षं काढल्यामुळे मला जाहीर नोटिसा वाचायची खोड आहे. लोक सकाळी राशिभविष्य वाचतात, मी कोणाच्या प्लॉटवर कोणाचा बोजा आहे ते वाचतो. म्हणून दिसली. मुदत संपायला नऊ दिवस होते, त्यात दोन रविवार आणि एक सण.

दुसरं म्हणजे, विधेयक वाचू नका. वाचलंत की फसलात. मी वाचलं. त्यातल्या एका खंडात म्हटलं होतं की अधिकारी संबंधिताला 'नोटीस देऊन किंवा त्याचे म्हणणे ऐकून घेऊन' परवाना रद्द करू शकेल. (विधेयकात असतो तोवर त्याला खंड म्हणतात, कायदा झाला की कलम, आणि आपल्याला नडला की 'लागलं'.) आता हा 'किंवा' बघा. म्हणजे साहेबांनी सकाळी दहाला दारावर नोटीस चिकटवली की दुपारी बाराला परवाना रद्द. म्हणणं ऐकायची गरज नाही. नोटीस दिली ना? झालं. 'किंवा' काय करतो ते बँकवाल्याला विचारा. दोन भावांच्या जॉइंट खात्यावर 'आणि' असेल तर दोघांच्या सह्या लागतात. 'किंवा' असेल तर धाकटा सोमवारी येऊन खातं रिकामं करून जातो, आणि थोरला मंगळवारी काउंटरवर येऊन माझी गचांडी धरतो. असे दोन प्रसंग माझ्या गचांडीने पाहिलेले आहेत.

तर मी चार पानं लिहिली. मागणी एका शब्दाची: 'किंवा' काढा, 'आणि' घाला.

मुलीने टाइप करून ईमेल केली. ती परत आली. मेलबॉक्स भरली आहे म्हणे. उर आनंदाने भरून आला, केवढा हा लोकसहभाग! दुसऱ्या दिवशी पाठवली, परत आली. तिसऱ्या दिवशीही. बहुधा पहिल्या आठवड्यात जे आलं होतं ते कोणी उघडून बाजूला ठेवेपर्यंत पुढच्यांना जागा होणार नव्हती, एसटीसारखं. शेवटी स्पीड पोस्टाने पाठवली. पोस्टाने पोच दिली. समितीने नाही.

फोन करू नका. साहेब मीटिंगमध्ये आहेत.

समितीपुढे आपल्याला प्रत्यक्ष बोलावतील, आपण गळ्यात उपरणं घालून बाजू मांडू, अशी स्वप्नंही पाहू नका. समिती बोलावते, नाही असं नाही, पण ज्यांना बोलवायचं त्यांना. अहवाल सभागृहात ठेवला जाईपर्यंत समितीचं कामकाज गोपनीय असतं. तुमची सूचना वाचली का, कोणी वाचली, त्यावर कोण हसलं, हे तुम्हाला कळणार नाही. आमच्याकडे मुलगी बघून गेलेले लोकसुद्धा 'पत्रिका जुळत नाही' एवढं तरी कळवत असत.

आता मुख्य सल्ला. चर्चा बघायला गॅलरीत जाऊन बसायचं असेल तर जेवून जा, गोळ्या घेऊन जा, आणि अपेक्षा घरी ठेवून जा.

मी कुर्डुवाडीहून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली. पास आमच्या आमदारांच्या पीएने करून दिला. मुलगा चांगला आहे. फक्त तीनदा म्हणाला, "काका, बदलीचं काम असलं तर सांगा ना, ते होईल." मी म्हटलं, एक शब्द बदलायचा आहे. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आपण एकादशीला अंडी मागणाऱ्याकडे पाहतो.

मोबाईल गेटवरच काढून घेतात, त्यामुळे कंटाळा आला तरी करमणुकीचं साधन नाही. आत ज्यांच्याकडे मोबाईल असतो त्यांच्याबद्दल जुलै 2025 मध्ये, तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळल्याच्या आरोपावरून, पुष्कळ बोलून झालं आहे. कृषी खातं गेलं, क्रीडा खातं आलं, विषय संपला.

सकाळचा वेळ बरा गेला. कोणाची तरी लक्षवेधी होती, मग औचित्याचा मुद्दा, मग दोन्ही बाजू एकदम उभ्या, मग दहा मिनिटं तहकूब, परत दहा मिनिटं तहकूब. टीव्हीवर आपण जे बघतो ते हेच. कॅमेरे होते, गर्दी होती, वरून बघताना जत्रेतल्या कुस्त्यांसारखं वाटत होतं. दुपारी विधेयकं निघाली आणि फड रिकामा. खाली टाळकी मोजू नका हा आणखी एक सल्ला. 288 जणांच्या विधानसभेत एक दशांश, म्हणजे 29 जण असले की गणपूर्ती (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) होते, आणि ते 29 तरी आहेत का हे कोणी विचारेपर्यंत सगळं सुरळीत. पीठावर तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या गैरहजेरीत त्यांच्या जागी बसणारे सदस्य. मंत्री उठले, विधेयक विचारात घ्या म्हणाले. एक सदस्य बोलायला उभे राहिले. मी सावरून बसलो. ते त्यांच्या तालुक्यातल्या पुलावर बोलले. पूल वाहून गेला आहे, तीन वर्षं झाली. खरं असेल, वाईट वाटलं. पण अहो, विधेयक! दुसरे उठले, ते पहिल्यांच्या पुलाला पाठिंबा देऊन आपल्या ग्रामीण रुग्णालयावर गेले. तिसऱ्यांनी मंत्र्यांचं अभिनंदन केलं, कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंत्री म्हणाले, सर्व सूचनांची नोंद घेतली आहे. आणि मग ती आगगाडी सुटली: खंड दोन ते अमुक, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, विधेयकाचा भाग झाले. माझा खंड त्या 'ते'मध्ये होता. दोन आणि अमुक यांच्या मधल्या 'ते'मध्ये. त्या खंडाचा आकडासुद्धा कोणी उच्चारला नाही. मी चष्मा पुसायला रुमाल काढला होता, तो खिशात परत ठेवेपर्यंत विधेयक संमत झालं होतं. माझ्या शेजारी शाळेची सहल बसली होती. त्यातल्या एका पोरीने बाईंना विचारलं, "बाई, मतदान कधी होणार?" बाई म्हणाल्या, "झालं गं."

झालं! याला आवाजी मतदान म्हणतात. त्यात कोण 'होय' म्हणालं, कोण 'नाही' म्हणालं, कोण झोपलं होतं, कोण कँटीनमध्ये होतं, याची नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी (म्हणजे नावानिशी मोजणी) मागता येते, एकाही सदस्याने उठून मागितली तरी विषय निघतो. मागत नाहीत. कारण मागितली की आपलंही नाव कागदावर येतं, आणि उद्या चौकात त्याच कायद्याविरुद्ध टायर जाळताना तो कागद आडवा येतो.

माझं विधेयक लहान होतं म्हणून असं झालं असेल, असं वाटत असेल तर मोठं घ्या. जनसुरक्षा विधेयक, नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून आणलेलं. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला मांडलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीत विरोधी पक्षांची मोठमोठी नावं होती. लोकांकडून 12 हजारांहून जास्त सूचना आल्या. 9 जुलै 2025 ला अहवाल, 10 जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने संमत, 11 जुलैला परिषदेत. 12 हजारांवर सूचनांतून ठळक बदल निघाले तीन. त्यातला एक असा की व्यक्तींचा उल्लेख जाऊन 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' आल्या. पुन्हा तो 'किंवा'! आणि त्याच्या शेपटीला 'तत्सम'. शाळेत तत्सम आणि तद्भव शिकलो होतो, तेव्हा कल्पना नव्हती की एके दिवशी माणसाला तत्सम ठरवून आत टाकता येईल. कोणासारखं असलं की तत्सम? कोण ठरवणार? आणि विधानसभेत या शब्दाला उभं राहून विरोध करणारा आमदार निघाला एक. डहाणूचे विनोद निकोले, माकपचे. बाकीचे विरोधक? परिषदेत दुसऱ्या दिवशी सभात्याग केला. म्हणजे मतदानाच्या वेळी नेमके बाहेर. नंतर बाहेरच्या कॅमेऱ्यांसमोर लोकशाहीची हत्या झाल्याचं सांगितलं. हत्या झाली तेव्हा तुम्ही लॉबीत चहा घेत होतात, साहेब.

एकमताचं कौतुक वाटत असेल तर तेही जरा बेतानेच करा. मराठा आरक्षणाचं विधेयक 2018 मध्ये एका दिवसात, एकमताने. तो कायदा मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मग 20 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा एका दिवसाचं खास अधिवेशन, पुन्हा एकमत. आरक्षण हवं की नको हा माझा विषयच नाही. ज्या गोष्टीसाठी माणसांनी रस्त्यावर उपोषणं केली, तिची कायदेशीर बाजू कुठे कच्ची आहे हे बोलायला आत एकालाही तास दोन तास नको होते? महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा ठेवणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये असंच टाळ्यांत संमत झालं, राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी गेलं, आणि कायदा होऊन तुमच्या-माझ्यापर्यंत आलंच नाही. टाळ्या तेवढ्या आल्या.

नागपूरला गेलात तर संत्री खा. 1953 च्या नागपूर कराराने तिथे वर्षाला एक अधिवेशन ठरलं, ते बहुतेक वर्षी होतंही. 2024 च्या डिसेंबरात सहा दिवस झालं. संत्र्याची करंडी उतरेपर्यंत परतीचं बुकिंग.

आणि घाई हीच यांची सवय म्हणाल तर तेही नाही. सावकाश चालायचं ठरलं की गोगलगाय लाजेल. जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं फिरत राहिला. मांडला, अडला, समितीकडे गेला, बारगळला, पुन्हा मांडला. तेव्हा एकेक शब्द काटेकोर तपासायला वेळच वेळ होता. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, आणि काही दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. इतकी वर्षं जे शब्द पटत नव्हते ते चार दिवसांत पटले.

आता सल्ला काय देऊ, डोंबल? वाचायचा पगार तुम्हाला मिळतो, आमदारसाहेब, मला नाही. मी पेन्शनीत चष्म्याचा नंबर वाढवून 'किंवा' शोधला. तुमच्याकडे सचिवालय आहे, ग्रंथालय आहे, पीए आहेत, भत्ते आहेत. केरळात विषयवार 14 समित्या आहेत, विधेयक सहसा तिथून चाळून पुढे जातं. आपल्याकडे ते चाळायचं की नाही हे त्या दिवशीच्या मर्जीवर. लग्नाला गेलात, बारशाला गेलात, दहाव्यालाही येऊन बसता, आम्ही कौतुक करतो. साहेब सगळीकडे येतात. ज्या एका ठिकाणी तुमच्या जागी दुसरं कोणी जाऊ शकत नाही तिथे तेवढे नसता. पुलावर बोलायचंय? बोला, त्यासाठी आयुधं आहेत, तारांकित प्रश्न आहे, अर्धा तास चर्चा आहे. विधेयकाच्या वेळी विधेयकावर बोला. विरोध असेल तर आत बसून 'नाही' म्हणा आणि नोंदवून घ्या. आणि तुम्हीही, वाचणारे, फार खूश होऊ नका. आमदारांच्या दारात तुम्ही बदली घेऊन जाता, बोअरवेल घेऊन जाता, म्हणून त्या पोराला शब्द घेऊन आलेला म्हातारा खुळा वाटतो.

माझी चार पानं कोणत्या फायलीत आहेत, उघडली की नाही, एवढं एका ओळीत कळवा, 'किंवा' ठेवायचा होता तर का ठेवला ते दोन ओळींत कळवा. पोच मागतोय फक्त. आमच्या पोस्टमनला ती आहे, तुम्हाला नाही.