उदात्तीकरण? मुळीच नाही!

अमेरिकन विज्ञानकथाकार डेव्हिड ड्रेक यांच्या ‘हॅमर्स स्लॅमर्स’ या कथासंग्रहातल्या भाडोत्री फौजेच्या कथा युद्धाचं उदात्तीकरण करतात, हे एका लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. कायद्याचं शिक्षण चालू असताना ड्रेकना सक्तीने सैन्यात घेतलं गेलं. १९७० मध्ये व्हिएतनाम-कंबोडियात चिलखती दलाबरोबर जे पाहिलं, तेच १९७९ च्या या पुस्तकात परग्रहावर गेलंय. पैसे मोजणाऱ्यासाठी लढायचं, करार संपला की पुढचा ग्रह! मागे राहिलेल्या जळक्या गावांचं काय, हे लेखक सांगत बसत नाही, नुसतं दाखवतो.

माझे वडील रणगाड्यावर होते. घरी शौर्यकथा कधीच नाही. बोललेच तर तापलेलं पोलाद, डिझेलचा वास आणि न झालेली झोप. ड्रेक वाचताना मला तेच ऐकू येतं.