‘आम्हीही पत्र्याखालीच शिकलो’: या मेसेजला एका शिक्षकाचं उत्तर

मार्च लागला की शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ‘आम्ही पत्र्याच्या शाळेत सतरंजीवर बसून शिकलो. ना पंखा, ना थंड पाणी. तरी पास झालो, नोकरीला लागलो. मराठवाड्याच्या लेकराला उन्हाची सवय असते. उन्हाने मार्क कमी होत नसतात, अभ्यास कमी पडला की होतात. पंख्या-कुलरचे लाड बंद करा.’ खाली ‘अगदी बरोबर सर’ची रांग.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. हा मेसेज पाठवणारे बरेच जण माझ्याहून मोठे आहेत, काहींच्या हाताखाली मी शिकलो. त्यांनी काढलेल्या दिवसांबद्दल मला आदर आहे. पण मेसेज चुकीचा आहे आणि त्याची किंमत लेकरं मोजतात, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलतो.

‘आम्ही शिकलो, आमचं काय बिघडलं?’

शिकले ते आज मेसेज लिहितात. माझ्याबरोबर पहिलीत बसलेली कितीतरी पोरं दहावीच्या बाकापर्यंत आलीच नाहीत. सगळी उन्हामुळे गळाली असं मी म्हणणार नाही. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणाचं लग्न झालं. पण जे टिकले तेवढ्यांनाच विचारून ‘काही बिघडत नाही’ ठरवायचं, हा हिशेब खोटा आहे.

दुसरं, सगळेच जुने लोक पत्र्याखाली शिकले नाहीत. गावोगावी शाळा भरायची ती मारुतीच्या देवळात, लिंबाखाली, नाहीतर माळवदाच्या खोलीत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळे बाहेर आग ओतली तरी आत गारवा असायचा. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच जड घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर डोक्यावर माळवद नको वाटणं साहजिकच होतं. आता पुन्हा माळवदं बांधा असं कुणीही म्हणू नये. पण गारवा गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, एवढं तरी कबूल करू.

‘मराठवाड्याच्या लेकराला उन्हाची सवय असते’

हे अर्धं खरं आहे. सवय होते. उन्हात वाढलेल्या शरीराला घाम लवकर सुटतो, आणि डेन्मार्कच्या मुलाला जिथे उकडतं तिथे आपल्या मुलाला बरं वाटू शकतं. तापमानाचा अभ्यास करणारेही हे मानतात. पण सवयीला हद्द आहे. आपली कातडी साधारण ३५ अंशांवर असते. वर्गातली हवा त्याहून तापली की ती अंगाची उष्णता ओढून घेत नाही, उलट देते. मग घाम एवढा एकच मार्ग उरतो आणि घामाला पाणी लागतं. त्यात वरचा पत्रा भट्टीसारखा धग सोडत असतो. हवा तेवढीच तापलेली असली तरी पत्र्याखालच्या लेकराला झाडाखालच्या लेकरापेक्षा जास्त त्रास होतो तो या धगीमुळे. अकराच्या सुमाराला आमच्या वर्गात पत्रे तडतडायला लागतात. तेव्हा मागच्या बाकावरची पोरं आपोआप दाराकडे सरकतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

शिवाय सहन होणं वेगळं आणि डोकं चालणं वेगळं. कोस्टारिका हा उष्ण प्रदेशातला देश. तिथल्या प्राथमिक शाळेत संशोधकांनी वर्गाचं तापमान ३० वरून २५ अंशांवर आणलं, तेव्हा त्याच मुलांचं काम सुधारलं. ती मुलं उन्हातच वाढलेली होती. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी बाहेरचा पारा ४० च्या वर असतो.

‘उन्हाने मार्क कमी होत नसतात’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते सगळा दोष लेकराच्या माथी मारतं.

अमेरिकेत एकच परीक्षा दोनदा किंवा जास्त वेळा दिलेल्या सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासले गेले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत एसी नव्हता, तिथे वर्षाचं तापमान १ अंश फॅरनहाइटने, म्हणजे जेमतेम अर्ध्या सेल्सिअसने, वाढलं की त्या वर्षीचं शिकणं सुमारे १ टक्क्याने घटलं. एसी असलेल्या शाळांत हा परिणाम जवळजवळ पुसला गेला. मुलांचा आळस हे कारण असतं तर एसीने तो गेला नसता. न्यूयॉर्कच्या शालान्त परीक्षांचाही असाच अभ्यास झाला. २२ अंशांच्या दिवशी पेपर देणाऱ्यांच्या तुलनेत ३२ अंशांच्या दिवशी देणाऱ्यांची पास होण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी निघाली. बत्तीस अंश! आपल्याकडे तेवढ्याला आपण ‘आज बरं आहे’ म्हणतो.

आता लातूर-नांदेडचा विचार करा. डॉक्टर व्हायची स्वप्नं घेऊन हजारो पोरं तिथे भाड्याच्या खोल्यांत राहून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतात. ही परीक्षा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी झाली, तीही दुपारी २ वाजता. परीक्षा देशभर एक आणि क्रमवारीही एकच. पण एका केंद्रावर डोंगरावरची थंड हवा आणि दुसऱ्यावर स्लॅब तापलेली वरच्या मजल्यावरची खोली. तिथे एका प्रश्नाचे चार गुण शेकडो क्रमांक खाली ढकलतात. त्या पोराला ‘अभ्यास कमी पडला’ म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

‘हे परदेशातलं, आपल्याला लागू नाही’ असं कुणी म्हणेल. भारतातल्या मुलांवरही अभ्यास झाला आहे आणि तो वाचून मी जास्त अस्वस्थ झालो. दिवसाचं सरासरी तापमान २९ अंशांच्या वर असलेले दिवस वर्षात वाढले की पुढे मुलांचं गणित आणि वाचन दोन्ही घसरतं. याचं मोठं कारण शेतात सापडलं. ऊन जास्त झालं की पीक जातं, घरात पैसा येत नाही आणि लेकराच्या ताटापासून वहीपर्यंत सगळ्याला कात्री लागते. जिथे रोजगार हमीचं काम मिळायला लागलं, तिथे हा परिणाम बराच सौम्य झाला. रोजगार हमी ही महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून देशाला दिलेली गोष्ट. म्हणजे सोयाबीन करपलेल्या घरातलं लेकरू उन्हाचा मार दोनदा खातं, एकदा रानात आणि एकदा वर्गात.

माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी सांगतो. सकाळी साडेसातला फळ्यावर तिने भागाकार बिनचूक सोडवला होता. अकरानंतर चाचणीत तसलाच भागाकार होता. तिचं मनगट घामाने कागदाला चिकटत होतं म्हणून तिने हाताखाली रुमाल धरला होता. शाई तरीही पसरली. तिने वरचा अंक खाली घ्यायचं विसरून उत्तर लिहिलं आणि पेपर उलटा ठेवून डोकं बाकावर टेकवलं. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण तो पेपर तपासताना माझा हात थांबला होता.

‘पंख्या-कुलरचे लाड बंद करा’

वर्गावर्गात एसी बसवा असं मी म्हणत नाही. खेड्यात वीज दुपारीच जाते, कुलरला पाणी कुठून आणायचं हाही प्रश्न आहेच. नुसता पंखाही पुरत नाही. चाळीसच्या पुढे तो गरम झळाच अंगावर फेकतो आणि पोटात पाणी नसेल तर त्रास वाढतो. इथे एक गोष्ट उघड बोलायला हवी. आमच्या मोठ्या मुली शाळेत पाणी कमी पितात, कारण स्वच्छतागृह वापरण्याजोगं नसतं. केरळमध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायची पद्धत सुरू झाली. आपण ती घेऊ, पण आधी त्या दाराला कडी आणि आत पाणी हवं.

वेळापत्रकाचंही तेच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनमध्ये उशिरा उघडतात, आणि ते योग्यच आहे. मराठवाड्याला मात्र उर्वरित महाराष्ट्राबरोबर जूनच्या मध्यालाच घंटा वाजते. पाऊस पडला नसेल तर परभणी-नांदेडचं तेव्हाचं ऊन कोल्हापूरसारखं नसतं. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. तेव्हा ओरडणाऱ्या पालकांना ‘लाडावलेले’ म्हणणारेही याच मेसेजचे लोक होते.

शाळा व्यवस्थापन समितीला एवढं तरी करता येईल: स्लॅबवर मार्चच्या आधी चुन्याचे दोन हात. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे पांढरा रंग द्यावा आणि खाली तट्ट्या किंवा जुन्या ताडपत्रीचं आतलं छत बांधून मधे हातभर पोकळी सोडावी. भिंतीच्या वरच्या अंगाला झरोके ठेवावेत म्हणजे तापलेली हवा बाहेर जाईल. पश्चिमेच्या भिंतीला सावली पडेल असा लिंब या पावसाळ्यातच लावावा. आणि गणिताचा पेपर सकाळी सातला ठेवावा, अकराला नाही.