भाचीचा केक आणि मधल्या जाहिराती

गेल्या आठवड्यात माझी सात वर्षांची भाची माझ्या मोबाइलवर केक सजवत बसली होती. मी शेजारी ओट्यापाशी एका ऑर्डरच्या केकला क्रीम लावत होते. मध्येच तिचं मुसमुसणं ऐकू आलं. बघते तर स्क्रीनवर केक नाहीच. बर्फात कुडकुडणारी आई, कुशीत बाळ, फुटलेली खिडकी आणि मुद्दाम चुकीचीच वस्तू उचलणारा एक हात. दुसऱ्याच कुठल्या तरी गेमची जाहिरात होती ती. "मावशी, त्या बाळाला थंडी वाजतेय आणि मला काहीच करता येत नाहीये." बंद करायची फुली इतकी बारीक, की मलाही तीनदा दाबावी लागली. दुसऱ्या वेळी तर थेट प्ले स्टोअर उघडलं.

तेव्हापासून हे मनात घोळतंय, म्हणून लिहितेय.

केक सजवायचे गेम मला मनापासून आवडतात. कॉम्प्युटरवर विंडोज व्हिस्टा आणि विंडोज 7 मध्ये 'पर्बल प्लेस' नावाचा छोट्या खेळांचा संच होता, आठवतंय? त्यातला 'कम्फी केक्स' मी तासन् तास खेळले आहे. वरच्या टीव्हीवर ऑर्डरचा केक दिसायचा आणि खाली सरकत्या पट्ट्यावर तो तसाच तयार करायचा. साचा गोल, चौकोनी की बदामाच्या आकाराचा, पीठ कुठल्या चवीचं, वर आयसिंग कुठलं, हे सगळं नीट बघूनच बटण दाबायचं. तीन केक चुकले की डाव संपायचा. बारकाईने बघायची सवय मला त्या खेळाने लावली आणि आज ऑर्डरचा फोटो समोर ठेवून केक करताना तीच कामी येते. त्यात मध्ये कुणी काही विकायला येत नव्हतं.

आताच्या गेममध्ये बोट दाबून धरलं की क्रीमची वेलांटी आपोआप सुबक उमटते. खऱ्या केकचं तसं नसतं. पायपिंग बॅगवरचा, म्हणजे क्रीम पिळायच्या पिशवीवरचा दाब जरा कमी-जास्त झाला की फूल बसकं होतं, क्रीम जास्त फेटलं तर रवाळ होतं आणि मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला केक बघता बघता ओघळतो. पण गेम आणि केक वेगळे असायला माझी काहीच हरकत नाही. सात वर्षांच्या मुलीला गुलाबीशेजारी पिस्ता रंग ठेवून बघायला मिळतो, पसारा होत नाही, सामान वाया जात नाही. दिवसभर दमलेल्या बाईलाही दहा मिनिटं रंगांत रमावंसं वाटतं. त्याला कुणी 'टाइमपास' म्हणून नाक मुरडलं की मला वाईट वाटतं.

माझा राग आहे तो या खेळांतून पैसा काढायच्या पद्धतीवर. गेम फुकट, म्हणून दर एक-दोन केकनंतर जाहिरात. क्रीमची नक्षी काढायचं सोनेरी नोझल हवं? जाहिरात बघा. स्ट्रॉबेरी हवी? जाहिरात बघा. सगळ्यात सुंदर वस्तू मुद्दाम कुलपात ठेवायची आणि किल्ली म्हणून लेकराचं लक्ष मागायचं, हे मला अजिबात पटत नाही. एवढ्याशा मुलाला खेळ कुठे संपला आणि विक्री कुठे सुरू झाली हे कळणार कसं?

हे आपल्याच घरात घडतं असंही नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची 135 अ‍ॅप तपासली, तर 95 टक्के अ‍ॅपमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात सापडली. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारं कलम आहे. पण आईचा किंवा मावशीचा फोन मुलाच्या हातात असतो तेव्हा समोर मूल आहे हे त्या अ‍ॅपला कळणार तरी कसं? म्हणून फोन देणाऱ्यांनीच थोडं बघायला हवं.

मी आता गेम सुरू करायच्या आधी वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करते. बरेचसे केकचे गेम तसेही चालतात आणि नव्या जाहिराती येत नाहीत. काही कुलपं मग उघडत नाहीत, ते मी तिला आधीच सांगून ठेवलंय. तिने फार कुरकुर केली नाही.

एकदाच पैसे भरून घेता येणारा, अजिबात जाहिराती नसलेला केक सजवायचा गेम कुणी वापरला असेल तर कमेंटमध्ये नाव लिहा. दोन-तीनशे रुपये आनंदाने देईन. भाची रविवारी परत येतेय.