पेटीवर देवगड, आत कोण?

आंब्याचा हंगाम आला की गावाकडच्या ग्रुपवर वाद पेटतो: अस्सल हापूस देवगडचा की रत्नागिरीचा? कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत सापडला, मग तर विचारूच नका. त्यात कुणीतरी हमखास लिहितं, "जपानकडून शिका, गावोगावचं मेइबुत्सू कसं जपतात ते!" मेइबुत्सू म्हणजे त्या त्या गावाची नावाजलेली चीज. इथे जपानात राहणाऱ्याला हे वाचून हसू येतं आणि थोडा रागही.

जपान काही धुतल्या तांदळासारखा नाही. सेंदाई शहराच्या प्रसिद्ध ग्यूतानसाठी, म्हणजे भाजलेल्या गोजिभेसाठी, जीभ बहुतेक अमेरिका-ऑस्ट्रेलियातून येते. इसे गावच्या आकाफुकु या मिठाईवर खोट्या तारखा छापल्याचं प्रकरण २००७ साली उघडकीला आलं. दुकानं काही काळ बंद राहिली, नंतर पुन्हा रांगा.

सगळ्यात बोलकं उदाहरण हात्चो मिसोचं, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या लगद्याचं. ओकाझाकीच्या किल्ल्यापासून आठ चो, म्हणजे सुमारे ८७० मीटरवर हात्चो गाव. तिथल्या दोन जुन्या घराण्यांच्या मिसोत फक्त सोयाबीन, मीठ आणि पाणी. तांदूळ नाही, जव नाही. लाकडी पिंपात सुमारे सहा टन मिसो, वर हाताने रचलेले तीनेक टन दगड, आणि दोन वर्षांहून जास्त मुरवण. पाणी कमी घालतात, म्हणून एवढं वजन लागतं. रचाई चुकली तर दाब एकसारखा बसत नाही. पण २०१७ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाशी जोडलेल्या नावाचं कायदेशीर संरक्षण, मिळालं ते आइची प्रांतभरच्या संघाला. त्यांच्या नियमात स्टीलची टाकी चालते आणि मुरवण काही महिन्यांचीही. हात्चोची दोन घराणीच बाहेर!

आता हापूस. २०१८ च्या मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही आहेत. म्हणजे देवगड-रत्नागिरी भांडण कागदावर केव्हाच मिटलंय. भांडायचंच तर रीतीवर भांडा. फळ ८०-८५ टक्के तयार असताना, देठासकट, झेल्याने उतरवलं का? देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, तिथूनच कुजायला लागतं. फार उशिरा काढलं तर साक्याची, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होण्याची, भीती. पेंढ्याच्या अढीत पिकवलं की बंदी असलेल्या कार्बाइडने? हे पेटीवर कोण लिहितं? तालुक्याचं नाव मात्र ठसठशीत.

जपानने भारतीय आंब्याला २००६ साली दार उघडलं ते गरम वाफेच्या अटीवर: गर ४७.५ अंशांवर वीस मिनिटं, फळमाशीच्या अळ्या मारायला. इथे कुणी तालुका विचारत नाही, तापमानाची नोंद मागतात. हे मला पटतं. तरीही तोक्योत कुणी जपानातल्या मियाझाकीचा आंबा हापूसपेक्षा सरस म्हणाला की मी तावातावाने भांडतो, आणि तेव्हा तोंडून रत्नागिरी जिल्हा निघत नाही, आमच्या राजापूर तालुक्याचंच नाव निघतं.