उपास कोणासाठी जाहीर करताय?

आज सकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला. येत्या शुक्रवारी उपास आणि प्रार्थना, विषय एका उमेदवाराचा विजय. नावासकट. खाली धडाधड ‘आमेन’ पडत गेले. हे कोणी ठरवलं, असं एकानेही विचारलं नाही. तेव्हापासून डोक्यात तिडीक आहे, म्हणून लिहायला बसले. लांब होईल.

निवडणुकीसाठी प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंच आहे. सर्व म्हणजे सर्व, ज्यांना आपण मत देणार नाही तेसुद्धा. पण आख्ख्या मंडळीचा उपास एका माणसाच्या दावणीला बांधायचा? आणि तोही पाळक (चर्चचे धर्मगुरू), वडीलजन (मंडळीचे वडीलधारे), कोणाशी काही न बोलता?

उपास जाहीर करून सत्तेने आपलं काम साधल्याची गोष्ट शास्त्रात आहे. बायबलमधलं ‘१ राजे’ हे पुस्तक, अध्याय २१. रविवारच्या शाळेत सगळ्यांनी ऐकलीय, पण ऐकताना लक्ष राजा अहाब आणि त्याची राणी ईजबेल यांच्यावरच राहतं. जरा बाकीची माणसं बघा. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाबाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. बोली त्याने रास्तच केली: याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. ‘लेवीय’ पुस्तकाच्या २५व्या अध्यायाप्रमाणे जमीन देवाची, ती कायमची विकायचीच नाही, तेव्हा तो नियमाला धरूनच बोलत होता. राजा रुसून पलंगावर पडला, तोंड फिरवलं, जेवेना. मग ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याची मोहर लावली आणि नाबोथाच्याच गावच्या वडीलजनांना आणि सरदारांना धाडली. पत्रातली पहिली सूचना काय? उपास जाहीर करा. मग नाबोथाला लोकांपुढे अग्रभागी बसवा. त्याच्यासमोर दोन अधम माणसं बसवा. ती म्हणतील, याने देवाला आणि राजाला शाप दिला. मग बाहेर नेऊन दगडमार करा.

साक्षीदार दोनच का? कारण ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकात, अध्याय १७ मध्ये, एका साक्षीवर देहदंड देता येत नाही. म्हणजे कागदोपत्री सगळं चोख! उपास झाला, सभा झाली, साक्षी झाल्या, शिक्षा झाली. एकाही वडिलाने ‘हे मला जमणार नाही’ असं कळवल्याची नोंद नाही.

मतदान आणि विश्वास यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं की मला हाच अध्याय आठवतो. मताचा कागद हातात असतो तेव्हा आपण त्या वडीलजनांच्या जागी असतो. पत्र आलेलं असतं. आपली मोहर लागली की कोणाचातरी मळा जाणार असतो. तो कोणाचा, हे आधी शोधायचं. मला काय मिळेल, आपल्या मंडळीला काय मिळेल, हे त्याच्या नंतर. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय २५ मध्ये, प्रभू येशूने आपली ओळख भुकेल्याशी, परक्याशी, तुरुंगातल्याशी जोडली. आपल्या संस्थांना किती अनुदान मिळालं ते विचारलं नाही.

आता ‘आपला माणूस’ हा मुद्दा येणार, आलाच आहे. उमेदवार ख्रिस्ती आहे, उपासनेला येतो, बायबल जवळ ठेवतो. अहाब कोण होता? बाहेरून आलेला कोणी नव्हता, इस्राएलाचाच राजा होता. अहज्या, यहोराम ही मुलांची नावंसुद्धा परमेश्वराच्या नावावरून ठेवलेली. श्रद्धावान माणूस पदावर असेल तर आनंदच आहे, ते मी नाकारत नाही. पण नाबोथाला त्या नावांचा काय उपयोग झाला?

मग पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. ‘प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे.’ हे वचन पुढे केलं की चर्चा संपली असं धरून चालतात. वाचा ना पुढे! अधिकारी हा ‘देवाचा सेवक’ आहे आणि तो तुझ्या हितासाठी आहे, असं चौथ्या वचनात आहे. सेवकाला कामाचा जाब विचारता येतो. त्याच अध्यायाच्या दहाव्या वचनात प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही असं आहे. आणि बाराव्या अध्यायाचा शेवट छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाइटाची फेड वाइटाने करू नका, असा आहे. अध्यायांचे आकडे पौलाने घातले नव्हते, ते फार नंतर आले. त्याचं पत्र सलग आहे. मधली सात वचनं कापून भिंतीवर लावायची ही खोड जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार हाच अध्याय दाखवत असे, आणि १९८५ साली तिथल्या धर्मवेत्त्यांनी काढलेल्या ‘कायरोस’ दस्तऐवजात या वापराचं नाव घेऊन खंडन केलं आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे बिघाड सरकारात सुरू झाला नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे एकत्र भाकर मोडण्याच्या विधीच्या, मेजापाशी सुरू झाला. १८५७ साली केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) ठराव केला. गोऱ्या नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांना आहे त्याच मंडळीत घेणं शास्त्राला धरून आहे, हे त्या ठरावात मान्य केलं होतं. पण ‘काहींच्या दुबळेपणामुळे’ अडचण होत असेल तर या नव्या लोकांसाठी वेगळी इमारत, वेगळी उपासना चालेल. दुबळे कोण? काळ्या माणसाशेजारी बसून भाकर मोडायला तयार नसलेले गोरे सभासद. त्यांना दुखवायला नको म्हणून सवलत. १८८१ मध्ये वेगळं मिशन चर्चच उभं राहिलं. पुढे त्या सवलतीवर धर्मशास्त्राचे इमले चढले: देवानेच वंश वेगळे केले, वगैरे. १९४८ साली नॅशनल पक्ष निवडून आला तेव्हा त्याचे नेते डी. एफ. मलान हे पूर्वी पाळक होते. वर्णभेद त्यांच्या मतदारांना नवा किंवा विचित्र वाटलाच नाही, रविवारी ते तसंच बसत होते. १९८२ मध्ये ओटावाला रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाच्या धार्मिक समर्थनाला पाखंड ठरवलं आणि त्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. त्याच साली मिशन चर्चने, म्हणजे ज्यांना मेजावरून उठवलं होतं त्यांनी, बेलहार विश्वासकथन (आपल्या श्रद्धेचं जाहीर निवेदन) लिहायला घेतलं. १९८६ मध्ये ते स्वीकारलं. एका ‘चालेल’पासून पाखंड म्हणून उच्चार होईपर्यंत सव्वाशे वर्षं.

इतिहासात चांगलंही घडलंय, मान्य. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचं गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं विधेयक १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडलं, आणि १८०७ मध्ये २८३ विरुद्ध १६ असं जिंकलं. त्यामागे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आधीपासून केलेले अर्ज होते, सभा होत्या, कंटाळवाणी चिकाटी होती. पण त्याच काळात सुवार्ता प्रसारासाठी स्थापन झालेली एक अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) संस्था बार्बाडोसमध्ये कॉड्रिंग्टन नावाचे ऊसमळे गुलामांकरवी चालवत होती. बायबल दोघांकडे एकच होतं. एकाने ते नाबोथाच्या बाजूला बसून वाचलं, दुसऱ्याने मळ्याच्या मालकाच्या बाजूने.

आणि जर्मनी. जुलै १९३३ मधल्या चर्चच्या अंतर्गत निवडणुकांत हिटलरच्या बाजूचा ‘जर्मन ख्रिस्ती’ हा गट प्रचंड मतांनी आला. बंदुकीच्या धाकाने नव्हे हो, सभासदांच्या मतांनी! या गटाला विरोध करणाऱ्या मंडळ्यांनी मे १९३४ मध्ये काढलेल्या बार्मेन घोषणेतलं पाचवं कलम प्रत्येक मंडळीने वाचावं. राज्याचं काम न्याय आणि शांतता राखणं. राज्याने माणसाच्या सगळ्या जीवनाचा ताबा घेऊ नये, आणि मंडळीने राज्याची खुर्ची घेऊ नये. त्या घोषणेत यहुद्यांविषयी एक शब्द नव्हता, हेही सांगितलंच पाहिजे. मंडळीचं स्वातंत्र्य वाचवताना खरा नाबोथ नजरेआड झाला.

इथे जरा थांबते. सकाळी ‘आमेन’ लिहिणाऱ्यांवर मी चिडले आहे, पण त्यातले पुष्कळ जण घाबरलेले आहेत, हे मला कळतं. जिथे विश्वासणारे थोडे असतात तिथे कोणीतरी ताकदवान माणूस ‘मी तुम्हाला सांभाळतो’ म्हणाला की जिवात जीव येतो. ती भीती खोटी नाही. तिची चेष्टा करणाऱ्यांचा मला राग येतो. मात्र स्तोत्र १४६ मध्ये अधिपतींवर भिस्त ठेवू नका असं लिहिलंय ते घाबरलेल्यांसाठीच. संरक्षणाच्या बदल्यात गप्प बसायचा करार झाला की पुढचं पत्र आलं तरी आपल्याला नाही म्हणता येत नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे ज्या पदाची निवडणूक आहे त्या पदाला काय अधिकार आहेत ते बघा. इथेच सगळ्यात जास्त मतं वाया जातात. पाणी, रस्ते, शाळा बघणाऱ्या स्थानिक सभागृहासाठी लोक अशा नैतिक प्रश्नावर मत देतात ज्याला ते सभागृह हातही लावू शकत नाही. उमेदवारालाही तेच सोयीचं असतं, कारण जे त्याच्या हातात नाही त्याचा हिशोब कोणी मागत नाही. गर्भातल्या जिवाचा प्रश्न मोठा आहे, गरिबाच्या मजुरीचाही आहे, दोन्हींवर शास्त्र बोलतं; कोणता प्रश्न त्या खुर्चीवरून सुटतो ते तपासा.

जाहीरनामा पेन्सिल घेऊन वाचा. ज्या आश्वासनाला रक्कम, खातं आणि मुदत आहे त्यावर खूण करा. बाकीचं बाजूला ठेवा, बहुतेक पानं बाजूलाच जातील. खूण केलेल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: पैसा कोणाकडून येणार आणि कोणाचं काय कमी होणार. उमेदवार आधी सत्तेत असेल तर अर्थसंकल्पातली तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन वेगवेगळे आकडे शेजारी ठेवा. तरतूद म्हणजे खर्च, ही गल्लत शिकलेली माणसंही करतात, आणि वर्षअखेरीला विधवांचा, अपंगांचा निधी दुसरीकडे वळवलेला असतो. सभागृहात त्याने कशाच्या बाजूने मत दिलं, कोणत्या मतदानाला तो गैरहजर राहिला, तेही बघा. ऐन मतदानाच्या वेळी बाहेर जाणं ही अनेकांची रीत असते.

शेवटी, ज्याच्यावर ते धोरण उतरणार आहे त्याला विचारा. मंडळीबाहेरच्या माणसाला. हे सगळ्यात कमी लोक करतात.

सगळ्या कसोट्यांना उतरणारा उमेदवार मिळणार नाही. कमी वाईट निवडणं हे पाप नाही. कोरं मत देणाऱ्याचाही विवेक मी मानते, जरी मला ते पटत नाही.

मंडळीने काय करावं, हे मी पाळकांना आजच कळवलंय, इथेही लिहिते. व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव नको. उमेदवाराला उपासनेत बोलावू नका. बोलवायचंच तर वेगळ्या दिवशी, सगळ्यांना, सारखा वेळ आणि तेच प्रश्न. निवडणुकीच्या तोंडावर आलेली छपरासाठीची देणगी परत करा, कारण पुढच्या वेळी भिंतीला तडा गेला की तोच माणूस येतो आणि तेव्हा त्याला जाब विचारायला कोणाची जीभ उचलत नाही. मतदानाच्या दिवशी वृद्धांना केंद्रावर नेण्याची सोय करा, पण वाटेत मत कोणाला, हे विचारायचं नाही. शुक्रवारचा उपास ठेवा, जरूर ठेवा. त्यातून नाव काढा आणि न्यायासाठी, खऱ्या साक्षीसाठी, हरणाऱ्यांसाठी प्रार्थना करा.

आणि निकालानंतरच्या पहिल्या रविवारी निवडून आलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, तो कोणीही असो. त्याच दिवशी मंडळीतून दोघं नेमा, शक्य तर एकमेकांच्या विरुद्ध मत देणारी. महिन्यातून एकदा त्यांनी त्या सभागृहाचे ठराव वाचून काढायचे आणि कोणाची जमीन, कोणाची मजुरी, कोणाचं घर त्यात सापडतंय ते सगळ्यांना सांगायचं. पत्र लिहायची वेळ आली तर ते पाळकांच्या सहीने जाईल. कोणाची तयारी असेल तर मला सांगा, पहिलं नाव मी माझं देते.