मिडेविनच्या जळालेल्या माळाविषयी

आज सकाळी आमच्या शिकागोतल्या मराठी समूहात कुणीतरी शिकागोजवळच्या मिडेविन या राखीव गवताळ प्रदेशातल्या, नुकत्याच ठरवून जाळलेल्या माळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, ‘एवढी जागा नुसत्या गवतापायी वाया घालवली आहे, निदान झाडे तरी लावायची.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. तेव्हापासून माझे कामात लक्ष नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सोलापूरहून आलेल्या आबांना मी तिथे नेले होते. डोक्याहून उंच वाढलेल्या बिग ब्लूस्टेम गवताचा एक तुरा त्यांनी न तोडता हळूच वाकवला, त्याचे बोटांसारखे तीन फाटे निरखले आणि ते म्हणाले, ‘हे तर आपल्या मारवेलचं थोरलं भावंड दिसतंय.’ ही दोन्ही गवते खरोखरच एकमेकांच्या नात्यातली आहेत.

वाया गेलेली जागा म्हणे! इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी, म्हणजे उंच गवताचे नैसर्गिक माळ, होती. १८३७ मध्ये जॉन डिअरने पोलादी नांगर बनवला आणि खोल मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन काही दशकांत उलथली गेली. आज मूळ प्रेअरीचा हजारावा हिस्साही उरलेला नाही. त्या मातीतल्या मक्यावर-सोयाबीनवर आपलेही पोट भरते, हे मान्य. पण उरलेल्या चिमूटभर गवतावरही आपला डोळा असावा? मिडेविनच्या जागी दुसऱ्या महायुद्धापासून दारूगोळ्याचा कारखाना होता. १९९६ मध्ये ती जमीन प्रेअरीसाठी राखली गेली, तेव्हापासून माणसे बी गोळा करून, पेरून, तण उपटून तिचा एकेक तुकडा पुन्हा उभा करत आहेत. २०१५ मध्ये तिथे बायसनचा लहानसा कळपही आणला गेला. झाडांचे म्हणाल, तर तिथली झाडांची जुनी कुंपणे मुद्दाम काढली गेली, कारण बॉबोलिंकसारखे जमिनीवर घरटे करणारे पक्षी झाडांजवळ राहायला धजत नाहीत.

आबांना यातले काही समजावून सांगावे लागले नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्यांनी लहानपणी माळढोक चालताना पाहिला आहे. तिथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी ‘पडीक’ म्हणून त्या माळावरही गिरिपुष्पाची झाडे लावली गेलीच. मिडेविनमध्ये तो तुरा हातातून सोडताना ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

धुराचा त्रास होतो, हे मी नाकारत नाही. माझ्या मुलीला दमा आहे. पण ठरवून लावलेली ही आग नसेल, तर झुडपे माजून गवत गुदमरते.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. तो फोटो टाकणारा माणूस वाईट नाही. झाड म्हणजे निसर्ग, एवढेच आपण सगळे शाळेत शिकलो. मघाशी आबांना फोन करून माळ जाळल्याचे सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, ‘पाऊस झाला का त्यावर?’ काल रात्री झाला, असे म्हटल्यावर ते म्हणाले, ‘मग आठ दिवसांनी जा आणि कोंब फुटलेले दाखव मला.’