मयासुराला मेक्सिकोत नेऊ नका

दर काही महिन्यांनी फिरून येणारा एक निरोप गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा येऊन पडला. वर चिचेन इत्साच्या पिरॅमिडचा फोटो आणि खाली मजकूर: मेक्सिकोतली माया संस्कृती म्हणजे आपल्या मयासुराची. असे पिरॅमिड बांधणं तिथल्या जंगली लोकांच्या आवाक्यातलं नव्हतंच. पुढे ही माणसं एकाएकी नाहीशी झाली, आणि उरल्यासुरल्यांनी मूठभर स्पॅनिश सैनिकांना देव समजून राज्य देऊन टाकलं. पाठवणाऱ्या काकांना मेक्सिकोचं खरंच अप्रूप आहे, म्हणून गप्प बसवेना.

आधी नाव. 'मय' आणि 'माया' कानाला सारखे लागतात, एवढाच काय तो पुरावा. स्पॅनिशमध्ये पावाला 'पान' म्हणतात. मग मेक्सिकोतली प्रत्येक बेकरी म्हणजे पानाची गादीच की! (त्या शब्दाचं खरं नातं आपल्या 'पाव'शी आहे, जो पोर्तुगिजांकडून आला.) ती नगरं उभारणारे लोक स्वतःला एका नावानं ओळखतही नव्हते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या मायापान या नगरावरून आलेलं असावं असं हे नाव पुढे सगळ्यांना चिकटलं.

'आवाक्यातलं नव्हतं' हे मात्र जास्त झोंबतं, कारण कोणी बांधलं ते बांधणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकानं माया लिपीतली बरीच चिन्हं अक्षरांसारखा उच्चार दाखवतात हे मांडलं. १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की शिलालेखांत राजांचे जन्म, राज्यारोहणं आणि लढाया आहेत. पालेंके या माया नगराचा राजा पाकाल बाराव्या वर्षी, ६१५ मध्ये, गादीवर बसला आणि ६८३ मध्ये वारला. त्याच्या मंदिराच्या फरशीखाली भराव घालून बुजवलेला जिना होता. तो मोकळा करायला पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रूस यांच्या पथकाला चार हंगाम लागले, आणि १९५२ मध्ये तळाशी राजाची शवपेटी सापडली. मयासुराचा उल्लेख कुठेही नाही.

काकांच्या फोटोतल्या पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत, माथ्याचा चौथरा धरून ३६५. त्याच्या पोटात आणखी एक जुना पिरॅमिड आहे. चुनखडीचा दगड फोडायचा, भाजून चुना करायचा आणि जुन्यावर नवं चढवायचं, अशी ही रीत. ओझ्याला बैल नाहीत, घोडे नाहीत. शून्यसुद्धा या लोकांनी आपल्यापासून स्वतंत्रपणे शोधलं. यांना जंगली कसं म्हणवतं?

बरं, ते नाहीसे झाले का? नवव्या शतकात दक्षिणेकडची नगरं ओस पडत गेली. दुष्काळ होते, आपसातल्या लढायाही होत्या, आणि हे एका रात्रीत घडलं नाही. उत्तरेला चिचेन इत्सा तर त्यानंतरही भरभराटीला आलं. आजच्या ग्वातेमालात, सरोवरातल्या बेटावर, नोहपेतेन नावाची शेवटची माया राजधानी १६९७ पर्यंत टिकली. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हाही एक माया राजा स्वतंत्र होता. आणि २०२० च्या जनगणनेत एकट्या मेक्सिकोत युकातेक माया बोलणारे साडेसात लाखांहून जास्त भरले.

स्पॅनिशांना देव समजण्याची गोष्ट तर मायांची नाहीच, मध्य मेक्सिकोत राज्य करणाऱ्या अझ्टेकांची आहे. ती पसरली राज्य बुडाल्यावर. स्पॅनिशांचा म्होरक्या कोर्तेस यानं आपल्या राजाला धाडलेल्या पत्रांत लोकांनी आपल्याला केत्सालकोआत्ल हा तिथला देव मानल्याचा उल्लेख नाही. १५१९ मध्ये त्याच्याबरोबर उतरले ते पाचेकशे सैनिक. पण तेनोच्तित्लान या अझ्टेक राजधानीला वेढा पडला तेव्हा अझ्टेकांवर खार खाऊन असलेल्या शेजारच्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धे त्याच्या बाजूनं होते. १५२० मध्ये शहराला गाठलं ते देवांनी नव्हे, देवीच्या साथीनं. नवा राजा क्वित्लावाक त्याच साथीत गेला. तरीही शहर सुमारे अडीच महिने लढलं आणि १३ ऑगस्ट १५२१ ला पडलं. याला राज्य देऊन टाकणं म्हणत नाहीत.

मेक्सिकोशी आपलं नातं शोधायचंच असेल, तर वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे आहेत. त्यांनी चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरानं त्यांना पाव वाटून देताना रंगवलंय. काकांना मी त्या चित्राचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका दिसतात, पण तो अजून पुढे गेलेला नाही.